फर्ज कुणावर?

एप्रिल २०२० मधली एक संध्याकाळ. टाळेबंदीला महिना होत आला होता. शाळा बंद होत्या आणि आम्हा शिक्षकांना नाक्यांवर नेमले होते. बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावाच्या वेशीवर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकलेल्या होत्या. फांद्यांच्या अलीकडे एक टेबल, टेबलावर रजिस्टर आणि रजिस्टरमागे मी. येणाऱ्याचे नाव, कुठून आला, सोबत किती जण, ताप-खोकला आहे का, एवढे लिहायचे.

दिवेलागणीला एक ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत भांडी, गोधड्या, कोंबड्यांचे खुराडे आणि त्यांच्यामध्ये बसलेली माणसे. पश्चिम महाराष्ट्रातून ऊसतोड करून परतलेले मजूर. सात कोयते, म्हणजे सात जोडपी, त्यांची मुले आणि दोन म्हाताऱ्या. कारखान्याच्या तळावर त्यांनी चौदा दिवस काढले होते, तपासणी झाली होती, तसा कागदही त्यांच्यापाशी होता. पण गावाने ठरवले होते की आणखी चौदा दिवस कुणालाही आत घ्यायचे नाही. मुकादम हुज्जत घालत होता. तेवढ्यात ट्रॉलीतून आवाज आला, "आपा, मैं हूँ."

माझ्या पाचवीच्या वर्गातली मुलगी होती ती. दिवाळीनंतर आईबापाबरोबर फडावर गेलेली. मी मान वर करून पाहिले, ओळखले आणि मान खाली घालून तिचे नाव लिहिले. ट्रॅक्टर वळला आणि ओढ्यापलीकडच्या पडीक रानात जाऊन उभा राहिला. त्या रात्री त्यांनी काय खाल्ले, पाणी कुठून आणले, मला माहीत नव्हते. खरे सांगायचे तर मी विचारलेही नाही. मी माझे काम नियमाप्रमाणे केले होते.

हे 'नियमाप्रमाणे' मला आजही टोचते. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. लोक साथ विसरले, आणि विसरावेच लागते. पण त्या फांद्यांनी उभा केलेला प्रश्न संपलेला नाही. सगळ्यांच्या भल्यासाठी काहींना अडवावे लागत असेल, तर अडवलेल्यांची जबाबदारी कुणाची?

साथीत माणसांची ये-जा थांबवणे ही कल्पना आपल्याला नवी नाही. जिथे ताऊन पसरला आहे तिथे जाऊ नका आणि तुम्ही तिथे असाल तर तिथून पळू नका, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण त्या महिन्यांत प्रत्येक मोबाईलवर फिरत होती. पण तिच्याशी जोडलेला हजरत उमर (रजि.) यांचा प्रसंग कुणी पुरता सांगत नव्हते. शामकडे निघालेले हजरत उमर सर्ग येथे पोचले तेव्हा पुढे साथ असल्याची खबर आली. ते खलिफा होते, एकट्याने हुकूम देऊ शकत होते. त्यांनी तसे केले नाही. आधी मुहाजिरांना बोलावले, मग अन्सारांना, मग कुरैशमधल्या वडीलधाऱ्यांना. पहिल्या दोन्ही गटांत मतभेद झाले, वडीलधाऱ्यांनी एकमताने मागे फिरायला सांगितले. हा तकदीरपासून पळ काढणे नव्हे काय, असे हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले, तेव्हा खलिफांनी त्यांना गप्प केले नाही. मागे फिरणे हीसुद्धा अल्लाहच्याच मर्जीतली वाट आहे, अशा अर्थाचे उत्तर देऊन त्यांनी हिरव्या आणि उजाड खोऱ्यात उंट चारण्याचा दाखला दिला. हदीसची साक्ष त्यानंतर आली, हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांच्याकडून.

या प्रसंगातून दोन गोष्टी मला दिसतात. एक म्हणजे निर्णयाआधी मशवरा झाला आणि विरोधी मत उघडपणे मांडता आले. दुसरी अशी की, नियमाचे ओझे दोन्ही बाजूंनी उचलले गेले. खलिफा बाहेर थांबले. अबू उबैदा आपल्या माणसांत राहिले. खलिफांनी त्यांना बाहेर बोलावण्याचा प्रयत्न केला, पण त्यांनी आपल्या लोकांना सोडले नाही आणि अम्वासच्या त्या साथीतच त्यांचा इंतकाल झाला, असे इतिहासकार लिहितात. 'पळू नका' हा हुकूम तिथल्या गरिबाला एक आणि सरदाराला दुसरा असा नव्हता. आमच्या वेशीवर ट्रॅक्टर थांबला. पण पुण्याहून मोटारीतून आलेली काही घरे त्याच आठवड्यात मागच्या वाटेने आत गेली, हे साऱ्या गावाला ठाऊक होते.

आता आपल्या मुलखातले एक उदाहरण. १८९६-९७ मध्ये मुंबई-पुण्यात प्लेग आला आणि इंग्रज सरकारने १८९७ मध्ये साथरोग कायदा केला. हाच कायदा २०२० मध्ये पुन्हा वापरात आला. मुळात तो चार कलमांचा. त्यात सरकारला अधिकार आहेत, आज्ञा मोडणाऱ्याला शिक्षा आहे, आज्ञा राबवणाऱ्याला संरक्षण आहे. ज्याला अडवले त्याला काय मिळावे, याबद्दल मात्र त्यात एक ओळ नव्हती. पुण्यात सैनिकांनी घराघरांत शिरून झडत्या घेतल्या. लोक रोगापेक्षा झडतीला भिऊ लागले आणि आजारी माणसे लपवू लागले. त्याच पुण्याबाहेर सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी माळरानावर दवाखाना चालवला. सावित्रीबाई स्वतः रोग्यांना तिथे आणत. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. रोग्याला बाजूला तर त्यांनीही नेलेच. पण नेणाऱ्याचे हात कसे होते, यावर सारे अवलंबून असते.

आपल्या शरिअतमध्ये फर्जचे दोन प्रकार आहेत. नमाज-रोजा हे फर्ज-ए-ऐन, ज्याचे त्याने करायचे. मय्यतीची नमाज, दफनविधी हे फर्ज-ए-किफाया, काहींनी केले तर सगळे सुटतात, कुणीच केले नाही तर सगळी वस्ती गुन्हेगार ठरते. साथीच्या काळात आपण फक्त पहिल्या प्रकारचा फर्ज ऐकला. घरात थांबा, तोंड झाका, हात धुवा. ते योग्यच होते. पण अडवलेल्याची भाकरी, एकट्या म्हातारीचे औषध, गरोदर बाईची तपासणी ही कामे दुसऱ्या प्रकारातली होती. किफायाची अडचण अशी की, प्रत्येकाला वाटते दुसरा कुणी करीत असेल. ग्रामपंचायतीला वाटले कारखान्याने शिधा दिला असेल, कारखान्याला वाटले मुकादम बघेल, मुकादमाला वाटले तहसील बघेल. मला वाटले, माझे काम रजिस्टरचे. असे सगळे आपापल्या जागी निर्दोष राहतात आणि ओढ्यापलीकडे लेकरे तहानलेली राहतात.

तिसऱ्या दिवशी मोहल्ल्यातल्या एक वयस्कर, बेवा खाला भाकऱ्यांचे गाठोडे घेऊन नाक्यावर आल्या. मी त्यांना अडवले. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "तुम रोके ना, तो खिलाएगा कौन?" मला जवाब नव्हता. एका अनपढ बाईने मला बी.एड.च्या वर्षात न शिकलेली गोष्ट शिकवली. जो रोखतो, त्याच्यावरच खिलवण्याचा फर्ज आधी येतो.

त्या संध्याकाळी शाळेच्या मैदानात अंतर ठेवून माणसे जमली. सरपंच, पेशइमाम, आशाताई, किराणा दुकानदार, मी आणि मोहल्ल्यातली चार-दोन मुले. रमजान तोंडावर आला होता. जकातीतून द्यायचे म्हटले तर सात कोयत्यांपैकी पाच बिगरमुस्लिम होते. पेशइमाम म्हणाले, जकातीचे नियम राहू द्या, सदका आणि लिल्लाह कुणालाही चालतो, भुकेल्याची जात विचारायची नसते. मग प्रश्न निघाला, सगळ्यांना सारखे वाटायचे की गरज पाहून? सारखे वाटले तर भांडण होत नाही, गरज पाहून दिले तर कुणीतरी नाराज होणार. आम्ही हिशेब मांडला: गहू, तेल, साखर, चहा, प्रत्येक कुटुंबाला एक पिशवी.

आशाताई मध्येच म्हणाल्या, "ज्यांच्यासाठी चाललंय, त्यातलं इथं कोण आहे?" कुणीच नव्हते. त्यांच्यातल्या एका बाईला ओढ्याच्या काठापर्यंत बोलावले. तिने सांगितले, दाणे आमच्यापाशी आहेत. पाणी नाही, विहीरवाला भरू देत नाही. रात्री बायकांना आडोसा नाही. एक बाई सातव्या महिन्यात आहे, तिला दोन महिन्यांत कुणी तपासलेले नाही. आमच्या पिशव्यांत यातले काहीच नव्हते. त्यांना न विचारता आम्ही त्यांच्या गरजा ठरवून टाकल्या होत्या. दुसऱ्या दिवशी आमच्या उर्दू शाळेचे वर्ग आणि स्वच्छतागृह त्यांच्यासाठी उघडले, पाण्याचा टँकर लागला, आशाताई रोज जाऊ लागल्या. एकूण खर्च आम्ही मांडलेल्या हिशेबापेक्षा कमीच आला.

म्हणूनच साथीचे काम समाजाने हाती घ्यावे, असे कुणी म्हटले की मी जरा थांबते. बाभळीच्या फांद्यादेखील समाजानेच टाकल्या होत्या, अगदी एकमताने. समाज आपोआप न्यायी नसतो. ज्याच्यावर नियमाचे सर्वात जास्त ओझे पडणार तो मशवऱ्यात बसलेला असेल, तरच तो मशवरा. नाहीतर ती नुसती बहुमताची भीती. भीती खोटी होती असे मी म्हणत नाही. माझ्या वडिलांना दमा होता, मीही भ्यालेच होते. त्यांना आत घ्यायचे की थांबवायचे, यावर वाद होऊ शकतो. तहानलेले थांबवायचे नाही, यावर वाद नाही.

आणि हे आपण तरी ओळखायला हवे होते. त्याच दिवसांत दिल्लीच्या मरकजचे निमित्त करून सगळ्या कौमकडे रोगाचे बीज म्हणून बोट दाखवले जात होते. मुंबईत ३० मार्च २०२० रोजी कोरोनाने दगावलेल्या कुठल्याही धर्माच्या माणसाला दफन न करता दहन करावे, असे परिपत्रक निघाले आणि लगेच बदलावे लागले. वांद्र्याच्या कब्रस्तानचा वाद हायकोर्टात गेला, आणि २२ मे २०२० रोजी कोर्टाने सन्मानाने अंतिम विधी होणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग मानून दफनाला हरकत घेणाऱ्यांची मागणी फेटाळली. २१ ऑगस्ट २०२० रोजी औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेल्याची शक्यता बोलून दाखवली. तो निकाल वाचताना माझे डोळे भरले. मग ट्रॉलीतली ती मुलगी आठवली. आम्हाला रोगी ठरवले म्हणून आम्ही दुखावलो होतो, आणि आमच्या मोहल्ल्याने कसलीही तपासणी न करता त्या सात कोयत्यांना रोगी ठरवले होते. तपासणी झाल्याचा कागद त्यांच्या हातात असताना! जुलूम सोसल्याने माणूस आपोआप इन्साफपसंद होत नाही. तेही शिकावे लागते.

शिकलेली माणसे होतीच. इचलकरंजीच्या मुस्लिम समाजाने त्या रमजानमध्ये जकातीचे ३६ लाख रुपये जमवून आयजीएम रुग्णालयात अतिदक्षता विभाग उभारून दिला, तो सगळ्यांसाठी. धारावीत १ एप्रिल २०२० रोजी पहिला रुग्ण सापडला तेव्हा सारे संपले असे लोक म्हणाले. तिथे महापालिकेसोबत वस्तीतले खाजगी डॉक्टर घरोघर गेले, आणि ज्यांना घरात वेगळी खोली नव्हती त्यांना शाळा-सभागृहांत ठेवून जेवण व उपचार दिले. जुलै २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही त्या कामाचा उल्लेख केला. दहा बाय दहाच्या खोलीतल्या माणसाला नुसते 'अंतर ठेवा' म्हणणे हा सल्ला नसतो, थट्टा असते. अंतर ठेवण्याची ऐपत नाही त्याला ती मिळवून द्यावी लागते.

एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट आली. अंबाजोगाईत एकाच रुग्णवाहिकेत २२ मृतदेह कोंबून नेल्याची बातमी देशभर गेली. त्याच महिन्यात आमच्या घरातही आजार शिरला. या वेळी फांद्यांच्या पलीकडे आम्ही होतो. गल्लीतले लोक आमच्या दारावरून जाताना पावले उचलून चालत. रोज दुपारी कंपाउंडच्या भिंतीवर मात्र एक डबा ठेवलेला असे. कोण ठेवी, ते अब्बा बरे झाल्यावर कळले. त्याच खाला. त्यांनी तेव्हाही कुणाला विचारून ठरवले नव्हते की हा फर्ज कुणावर.

पुढची साथ कधी येईल, अल्लाह जाणे. पण यादी आजच करता येते. दर रमजानमध्ये जकातीचा हिशेब करतो, तेव्हाच जमातीने एक वही उघडावी. मोहल्ल्यात एकटे कोण राहते, डायलिसिसवर कोण, घरात एकच खोली कुणाला, कोणते कोयते कोणत्या कारखान्यावर गेलेत आणि मागे म्हातारे कोण उरलेत. वही मोहल्ल्यापुरती ठेवू नये, गावाची असावी. आणि ती लिहायला बसताना त्यांच्यातलेच दोघे-तिघे सोबत असावेत.

ती मुलगी शाळा उघडल्यावर आली नाही. वर्ग सुरू झाले तेव्हा ती पुन्हा फडावर होती, धाकट्या भावाला सांभाळायला. त्या चौदा दिवसांत ती माझ्याच वर्गात, फळ्याखाली गोधडी टाकून झोपत होती. तिने मला नाक्यावरच्या संध्याकाळबद्दल कधी काही विचारले नाही. हजेरीपटावर तिच्या नावापुढे मी बरेच महिने गैरहजर लिहीत राहिले. त्या संध्याकाळी गैरहजर खरे तर मी होते.