तुटलेला आकडा

पाड्यावरच्या अंगणवाडीत टांगता वजनकाटा होता, त्याचा आकडा दोन पावसाळ्यांपूर्वी तुटला. बाईंनी अर्ज केला. अर्ज वर गेला. वर गेलेलं काही खाली येत नाही, हे तीस वर्षांच्या नोकरीत बाईंना पाठ झालं होतं. पालघर जिल्ह्यातल्या तलासरीच्या वेल्डरने तो आकडा वीस रुपयांत जोडून दिला असता. पण वस्तू सरकारी. जोडली आणि पोर पडलं तर जबाब कुणी द्यायचा?

वजनं मात्र दर महिन्याला भरावीच लागत. मग बाई मागच्या महिन्याच्या आकड्यात दोनशे ग्रॅम मिळवत आणि पुढच्या नावाकडे वळत. कुणी याला लबाडी म्हणेल. मला तसं म्हणवत नाही, कारण यातला हिशेब नीट समजून घ्यायला हवा. २०२१ साली पोषण ट्रॅकर मोबाइलवर आला. पोराचं वजन कमी भरलं की ते पिवळं होतं, फारच कमी भरलं की लाल. लाल झालं की कार्यालयातून फोन येतो: कारण लिहा, फोटो पाठवा, भेट दिल्याची नोंद करा. हिरवं असलं की कुणी फोन करत नाही. अशा वेळी दहावी झालेली, चुलीवर पोरांची खिचडी रटरटत ठेवून आलेली बाई काय शिकणार? हिरवं शिकणार.

प्रशिक्षण झालं होतं, नाही असं नाही. तालुक्याच्या हॉलमध्ये दोन दिवस. पडद्यावर रंगीत आलेख, पुढे ऐंशी सेविका, मागे बटाटावडा आणि सहीचा कागद. बाईंनी मान डोलावली, सही केली, चारच्या एसटीने परत आल्या.

गंमत अशी, की ‘अंगणवाडी’ हा शब्द याच मातीतला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी १९४५ साली जवळच बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. पोरं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणारी पोरं अंगणातही सापडेनात, तर त्यांच्यामागे कुरणात गेल्या आणि कुरणशाळा भरवली. २ ऑक्टोबर १९७५ला केंद्राची बालविकास योजना सुरू झाली आणि हा शब्द देशभर गेला. शब्द गेला, त्यामागची चाल, शिकणाऱ्याच्या दारात जाऊन बसण्याची, ती काही सगळीकडे गेली नाही. पोरांसाठी अंगण आणि त्यांच्या बाईंसाठी हॉल.

तर २०२४ साली राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. तेव्हा ती सहा महिन्यांची होती, एखाद्या कार्यालयात काम करत शिकायचं; बारावी झालेल्याला महिना ६,००० रुपये, पदविकावाल्याला ८,०००, पदवीधराला १०,०००. तलासरीकडची एक बारावी झालेली मुलगी अशीच एका कार्यालयात लागली. कॉम्प्युटरचा क्लास केलेली, बोटं चपळ. पहिले तीन महिने तिला झेरॉक्स आणि पंचिंग मशीन यांच्यातच ठेवलं. मग कुणाला तरी सुचलं, की हिला पाड्यांवर धाडावी, नोंदींतल्या चुका काढायला.

पहिल्याच दिवशी तिने बाईंच्या रजिस्टरातली वर्षभराची वजनं मोबाइलवर उतरवून घेतली आणि त्यांच्या रेघा काढल्या. सत्तावीस मुलांच्या सत्तावीस रेघा, शिवणयंत्रावर मारलेल्या टिपेसारख्या सरळ.

मुलगी स्वतः पाड्यावरचीच. धाकट्या भावाला दर पावसात जुलाब व्हायचे आणि त्याच्या कमरेचा करगोटा सैल पडायचा, हे तिने पाहिलेलं. ती म्हणाली, “बाई, आषाढ-श्रावणात तुमचं एकही पोर आजारी पडलं नाही?”

बाई काही बोलल्या नाहीत. उठून काटा घेऊन आल्या आणि तिच्यासमोर ठेवला. “आकडाच नाही बाय. आकडा कुठून आणू?”

मदतनीस बाईंनी चहा पुढे केला. मुलीला राग आलेला होता, आणि तो नेमका कुणावर काढायचा ते तिला कळत नव्हतं. चुका काढायला आलेली, सत्तावीस सापडल्या होत्या; यादी वर पाठवली असती तर तिचं काम झालं असतं. तिने मोबाइल पिशवीत टाकला आणि विचारलं, “खाली चिकूच्या वाडीत काटा असतो ना?”

होळीला पाडा भरतो. दिवाळी उरकून जे वीटभट्ट्यांवर जातात, ते होळीला दोन दिवस तरी घरी येतातच. होळीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी वाडीतला इलेक्ट्रॉनिक काटा आणि चिकूची एक करंडी अंगणात आली. करंडीत फडकं, फडक्यावर पोर. एक म्हातारा कौतुकाने बघत बसला होता. म्हणाला, त्याचा बाप सावकाराच्या काट्यावर गवत घालायचा, आणि ते कधी म्हणून पुरतं भरायचं नाही. १९४५ साली किसान सभेच्या गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या लाल बावट्याखाली वारल्यांनी अडीच रुपये मागितले ते पाचशे पौंड गवताच्या कापणीचे. मजुरीची मागणीच वजनात बांधलेली होती. काटा कुणाच्या हातात आहे याला किती किंमत असते, हे या भागाला शिकवायला नको.

तीन वर्षं पुरी झालेली एक मुलगी करंडीत बसली. रजिस्टरात ११ किलो १००, म्हणजे हिरवी. काट्यावर आलं १० किलो ७००. शिकाऊ मुलीने झटक्यात लिहिलं.

“थांब,” बाई म्हणाल्या. “करंडी कुणाच्या नावावर मांडलीस?”

बाईंनी लग्नाआधी चार हंगाम चिकू भरलेले. रिकामी करंडी आधी तोलायची, हे त्यांना क्लासमध्ये शिकावं लागलं नव्हतं. करंडी भरली १ किलो ३००. म्हणजे पोर ९ किलो ४००. तीन वर्षांच्या मुलीसाठी १० किलो ८००च्या खाली गेलं की कमी वजन, म्हणजे पिवळं, आणि ९ किलो ६००च्या खाली तीव्र कमी वजन, म्हणजे लाल. दंडाला पट्टी लावली तर ११.३ सेंटीमीटर, साडेअकराच्या खाली पट्टी लाल. मुलीने लिहिलेलं खोडलं. कान लाल झाले होते तिचे. तिथून पुढे ती पोरं तोलायची आणि वजाबाकी बाई करायच्या.

दुपारपर्यंत सात पोरं लाल-पिवळ्यात निघाली. मुलीने ती वयावर लावून पाहिली, मग मुलगा-मुलगी असं लावून पाहिलं. काही हाती लागेना. बाई जरा वेळ बघत राहिल्या आणि आतून चिंचोके घेऊन आल्या. एका पोराचा एक चिंचोका; सात जणांना कुंकवाचं बोट. जमिनीवर कोळशाने तीन रकाने आखले: आईबापाबरोबर भट्टीवर गेलेले, बाप गुजरातेत होडीवर किंवा कंपनीत, पण पोरं घरी, आणि कुणीच कुठे न गेलेले. (इथे वारली चित्राची उपमा द्यायचा मोह होतो, पण ती कोळशाची साधी वाकडी रेघ होती.)

कुंकवाचे सहा चिंचोके भट्टीच्या रकान्यात पडले.

स्थलांतराच्या नोंदीसाठी राज्याचं वेगळं अ‍ॅप आहे. बाई तेही भरत. पण वजन एकीकडे जाई, स्थलांतर दुसरीकडे, आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनाही वाटलं नव्हतं, कारण नोंद ही आपल्यासाठी असते हेच कधी त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

सातवा चिंचोका मधल्या रकान्यात, घरी राहिलेल्या पोरांत होता. मुलगी म्हणाली, “हा एक सोडून द्या, बाकी बरोबर जमतंय.” तोवर गप्प असलेल्या, अक्षरओळख नसलेल्या मदतनीस बाई म्हणाल्या, “तो का सोडायचा? त्याची आजी मार्गशीर्षात गेली. बाप होडीवर, आई पाचच्या टेम्पोने कंपनीत. पोराला सात वर्षांची बहीण भरवते.” मग मोबाइलवरच्या तक्त्यात मुलीने एक रकाना वाढवला: पोराला जेवायला कोण घालतं. असा रकाना कुठल्याच अ‍ॅपमध्ये नव्हता.

सात पोरांचं वाढीव खाणं सुरू झालं, लाल असलेल्या तिघांना डॉक्टरांकडे नेलं. दोन घरांतल्या बाया बाईंचं ऐकून पोराला आजोळी ठेवून भट्टीवर परतल्या. बाकीच्यांनी ऐकलं नाही. उचल घेतलेली होती, त्यांचंही बरोबर. त्यांच्याबरोबर गेलेलं एक पोर भट्टीवरच राहिलं, त्याचं पुढे काय झालं ते बाईंना कळलं नाही, आणि त्या रकान्यात अजून काही लिहिलेलं नाही.

आठवड्याने कार्यालयातून फोन आलाच. एका महिन्यात लाल-पिवळी शून्यावरून सात कशी झाली?

“वाढली नाहीत मॅडम,” बाई म्हणाल्या. “तोलली.” आणि फोन तसाच कानाला धरून चिंचोके कसे पडले ते सांगत सुटल्या. मॅडमनी मध्येच तोडलं, जरा वेळ कुणीच बोललं नाही, मग त्यांनी विचारलं, “कुठल्या भट्टीवर गेले होते?” असं खाली विचारणारा फोन त्या नोकरीत पहिलाच.

सहा महिने भरले तशी मुलगी गेली. निघताना मोबाइलवर रेघ कशी काढायची ते बाईंना दाखवून गेली. बाईंना ते निम्मं जमतं. टांगता काटा अजून तसाच आहे. चिकूचा काटा दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी पाड्यावर येतो आणि संध्याकाळी परत जातो.

मागच्या मंगळवारी पलीकडच्या पाड्यावरची नवी सेविका शिकायला आली होती. वही नवी, अक्षर सुरेख. तिने आल्या आल्या पहिल्या पोराचं नाव लिहिलं आणि त्याला उचलायला हात पुढे केले. बाईंनी ते पोर स्वतःच्या कडेवर घेतलं, आणि रिकामी करंडी काट्यावर ठेवली.