संकल्प आणि हट्ट

बाळंतपण कोठे व्हावे, हा प्रश्न आपल्या आज्यांना कधी पडला नाही. पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी येई, माजघरालगतची खोली सारवून ठेवली जाई, आणि वेळ आली की सुईणीला, गोमंतकात जिला वयजीण म्हणत तिला, बोलावणे जाई. दुसरी वाट नव्हती, म्हणून निवड नव्हती. आणि निवड नव्हती म्हणून निवडीचे दायित्वही नव्हते. आज स्थिती पार पालटली आहे. २००५–०६ सालच्या राष्ट्रीय पाहणीत भारतातील शंभरांपैकी सुमारे ३९ बाळंतपणे दवाखान्यात झाल्याची नोंद आहे. २०१९–२१ च्या पाहणीत हाच आकडा ८९ वर गेला, आणि गोव्यात तर जवळजवळ सगळीच बाळंतपणे दवाखान्यात होतात. अशा काळात एखादी सुशिक्षित स्त्री, मग ती पणजीची असो, वडोदऱ्याची असो की इंग्लंडात संसार थाटलेली असो, “मी घरीच बाळंत होईन” असे ठरविते, तेव्हा तिच्यामागे रूढी उभी नसते. तिने स्वतः निवड केलेली असते. आणि निवड आली की तिच्या पाठोपाठ नीतीचा प्रश्न येतोच.

समजा, असा निश्चय झाला आहे. शास्त्रीय शिक्षण घेतलेली सुईण ठरली आहे, खोली सज्ज आहे, आठ महिने सुरळीत गेले आहेत. आणि छत्तिसाव्या आठवड्यात रक्तदाब १४०/९० च्या वर चढतो, लघवीत प्रथिने आढळतात; किंवा वार गर्भाशयाच्या मुखाशी असल्याचे दिसते; किंवा मूल पायाळू आहे असे कळते. आता तो निश्चय राखावा की सोडावा?

या प्रश्नावर घाईने निकाल देणाऱ्यांचे दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, घरी बाळंत होण्याचा विचार हेच मुळी खूळ. दुसरा म्हणतो, जन्म हा निसर्गाचा व्यापार आहे, डॉक्टरांना भय दाखवायची सवयच असते. दोघांच्याही म्हणण्यात सत्याचा अंश आहे, आणि दोघेही तेवढ्याच अंशावर थांबतात.

घर निवडणाऱ्या स्त्रीचे भय पोकळ नाही. २०१९–२१ च्या त्याच पाहणीत भारतातील सरकारी दवाखान्यांत शंभरांपैकी सुमारे १४ बाळंतपणे पोट चिरून झालेली आढळली, तर खाजगी दवाखान्यांत सुमारे ४७. बायकांची शरीरे दवाखान्याच्या मालकीप्रमाणे बदलत नाहीत. तेव्हा या अंतराचे सगळे कारण वैद्यकीय आहे असे कोणी म्हणू लागल्यास ते पटणे कठीण. शिवाय प्रसूतिकक्षात एकटे पडणे, आरडाओरड ऐकणे, आपल्या देहावर आपली सत्ता उरली नाही असे वाटणे, हा अनुभव अनेकींनी मुकाट्याने सोसला आहे. दवाखाना नेहमीच सुरक्षित होता, असेही इतिहास सांगत नाही. १८४७ साली व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टराने दाखवून दिले की, सुइणींच्या विभागापेक्षा डॉक्टरांच्या विभागात सूतिकाज्वराने कितीतरी अधिक स्त्रिया मरत, आणि त्याचे कारण शवविच्छेदन करून आलेले डॉक्टरांचेच हात होते. क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम होताच मृत्यू झपाट्याने उतरले.

तथापि माजघरालगतच्या त्या खोलीचीही एक स्मृती आहे, आणि ती आपण सोयीस्करपणे विसरतो. कल्याणच्या आनंदीबाई जोशी चौदा वर्षांच्या असताना त्यांचे मूल दहा दिवसांचे होऊन गेले. त्या दुःखातून त्या १८८३ साली अमेरिकेस गेल्या, आणि १८८६ साली डॉक्टर होताना त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. अस्वच्छ हत्याराने नाळ कापल्यामुळे धनुर्वाताने गेलेल्या अर्भकांची तर गणतीच नाही. माता व नवजात यांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाले, असे ठरायला २०१५ साल उजाडावे लागले. जुन्या घरांतील वाचलेल्या बाळंतिणींच्या कथा आपण ऐकतो, कारण त्या सांगायला मागे राहिल्या.

मग आजच्या ज्ञानाने घरचे बाळंतपण कितपत निर्धोक आहे? २०११ साली इंग्लंडमध्ये सुमारे ६४,००० स्त्रियांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांचे आधी बाळंतपण झाले होते, त्यांच्या मुलांच्या बाबतीत घर आणि रुग्णालय यांत लक्षणीय फरक आढळला नाही. पहिलटकरणींच्या बाबतीत मात्र मुलाचा मृत्यू किंवा गंभीर इजा यांचे प्रमाण रुग्णालयात हजारी ५.३, तर घरी ९.३ होते, आणि घरी प्रसूती सुरू केलेल्या पहिलटकरणींपैकी शंभरांतील ४५ जणींना वाटेतच रुग्णालयात हलवावे लागले. या आकड्यांपेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की, हा ताळेबंद ज्यांच्या गर्भारपणात काहीच गुंतागुंत नव्हती, अशा स्त्रियांचा आहे. नेदरलँड्समध्ये घरी बाळंत होण्याची परंपरा टिकली, तीही सुशिक्षित सुईण, जवळ असलेले रुग्णालय आणि कोणत्या लक्षणावर स्त्रीला तज्ज्ञाकडे सोपवावे याची ठरलेली सूची, या तिहींच्या आधारावर. म्हणजे घरच्या बाळंतपणाची जी सुरक्षितता सांगितली जाते, तिच्या पोटातच ‘गुंतागुंत नसेल तर’ ही अट आहे. अट गळून पडली की त्या आकड्यांचा आधार घेता येत नाही.

प्रश्नाचे मर्म मला येथे दिसते. आपल्याकडे कोणत्याही पूजेच्या आरंभी संकल्प सोडतात. त्यात नुसते “मी हे करीन” असे नसते. प्रथम देश उच्चारला जातो, मग काल, म्हणजे संवत्सर, अयन, मास, तिथी, नक्षत्र. आणि नंतर ‘यथाशक्ति’, ‘यथाज्ञानेन’ हे शब्द येतात. ज्या कोणी ही रीत घातली, त्याला मनुष्याच्या निश्चयाचे स्वरूप नीट उमगले होते. निश्चय हा अमुक स्थळी, अमुक काळी, अमुक शक्ती व ज्ञान असताना केलेला असतो. तिसऱ्या महिन्यात निरोगी शरीराने केलेला निश्चय आणि छत्तिसाव्या आठवड्यात सुजलेल्या पायांनी व चढलेल्या रक्तदाबाने करावयाचा निश्चय यांचे शब्द एकच असले, तरी ते दोन निश्चय आहेत. म्हणून “माझा निर्धार मी सोडू काय?” असे त्या स्त्रीने स्वतःला विचारू नये. “हे सगळे आज प्रथमच माझ्यापुढे आले असते, तर मी घर निवडले असते काय?” असे विचारावे. या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे ‘होय’ येत असेल तर तो संकल्प. ‘नाही, पण आता सांगून बसले आहे’, ‘नाही, पण लोक काय म्हणतील’ असे येत असेल तर तो हट्ट.

यात सगळ्या गुंतागुंती एका मापाने मोजू नयेत. विसाव्या आठवड्यात खाली दिसलेली वार पुढे बहुधा वर सरकते; तेव्हा त्या वेळी भिऊन निश्चय मोडण्याचे कारण नाही, पुन्हा तपासावे. अठ्ठाविसाव्या आठवड्यात पायाळू असलेली पुष्कळ मुले दिवस भरेपर्यंत आपणच फिरतात. न फिरलेल्यांपैकी सुमारे निम्मी तज्ज्ञाला बाहेरून हातांनी फिरवता येतात. येथे धीर हेच शहाणपण. परंतु दिवस भरत आले तरी वार मुखावरच असेल, तर घराचा विचारच संपला. दिवस भरलेल्या गर्भाशयातून मिनिटाला अर्धा लिटरहून अधिक रक्त वाहत असते. ते फुटले तर गावातली उत्तम सुईणही हात जोडण्यापलीकडे फार काही करू शकत नाही. वाढलेल्या रक्तदाबाबरोबर प्रथिने जाऊ लागली, डोके ठणकू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर झटके येण्याचे भय असते. मॅग्नेशियम सल्फेटने ते भय निम्म्याहून कमी होते, हे २००२ साली दहा हजारांवर स्त्रियांच्या चाचणीत सिद्ध झाले आहे. पण ते औषध घरच्या फळीवर ठेवण्याचे नव्हे. आणि आपल्याकडे ज्याला कोणी गुंतागुंत म्हणतच नाही तो पंडुरोग! देशातील निम्म्याहून अधिक गर्भिणींचे रक्त कमी आहे. ज्या ब्रिटनमध्ये घरच्या बाळंतपणाला सरकारी व्यवस्थेत स्थान आहे, तेथेही हिमोग्लोबिन साडेआठाच्या खाली असल्यास रुग्णालयच सुचवितात. खानापूरच्या रानातल्या वाडीवर किंवा सत्तरीच्या टोकाला, पावसाळ्याच्या रात्री, अंतर मोजायचे ते मैलांनी नव्हे. रक्ताची पिशवी हाती येईपर्यंत लागणाऱ्या मिनिटांनी.

आता दुसरा प्रश्न. हा निर्णय कोणाचा? सुश्रुताने अडलेल्या गर्भाची चिकित्सा सांगताना, हे कर्म फार अवघड असल्यामुळे वैद्याने प्रथम अधिपतीला विचारावे, असे म्हटले आहे. विचारल्याशिवाय हात घालू नये, ही त्यातील दृष्टी थोर आहे. पण विचारायचे ते अधिपतीला, जिचा देह तिला नव्हे, ही त्या काळाची मर्यादा. ही मर्यादा ओलांडायला जगाला फार दिवस लागले. २०१५ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने माँटगोमेरी खटल्याचा निकाल दिला. मधुमेह असलेल्या गर्भिणीच्या मुलाचे खांदे अडकण्याचा संभव शंभरात नऊ-दहा इतका होता. पण ‘सांगितले तर ती शस्त्रक्रियाच मागेल’ म्हणून डॉक्टरने तो सांगितलाच नव्हता. मुलाला कायमचे अपंगत्व आले. न्यायालयाने ठरविले की, तिच्या जागी असलेल्या समंजस व्यक्तीला जो धोका महत्त्वाचा वाटेल, तो तिला सांगितलाच पाहिजे. तो खटला रुग्णालयातील बाळंतपणाचा होता, तरी तत्त्व दोन्हीकडे लागू आहे: निर्णय तिचा, आणि म्हणूनच पूर्ण सत्यही तिचे.

परंतु निर्णयाचा अधिकार असणे आणि निर्णय योग्य असणे, या दोन गोष्टी भिन्न आहेत. अधिकार मान्य झाला म्हणजे विवेकाचे काम संपत नाही, तेथून ते सुरू होते. पोटातल्या जीवाला मत देता येत नाही. त्याच्या वतीने विचार करणारी पहिली व्यक्ती त्याची आईच असते. तिच्यावर जबरदस्ती करून हे तिच्याकडून कोणी काढून घेऊ नये, आणि तिनेही ते दुसऱ्यावर सोपवून मोकळे होऊ नये. मुहूर्त गाठण्यासाठी निष्कारण शस्त्रक्रिया करवून घेणारे कुटुंब आणि धोका दिसत असूनही घराचाच आग्रह धरणारे कुटुंब ही दोन टोके दिसतात. पण दोघांनीही मुलाच्या जन्माला आपल्या योजनेची शोभा बनविलेले असते.

डॉक्टरच्या सांगण्यामागे भय आहे की व्यवहार, अशी शंका आल्यास काय करावे? शंकेला उत्तर चौकशीने द्यावे. धोका शंभरात किती, थांबलो तर काय होईल, हे काम घरी अर्ध्या तासात कोण करू शकेल, असे तीन सरळ प्रश्न विचारावेत. आणि ज्याला आपल्या शस्त्रक्रियेतून काही मिळायचे नाही अशा दुसऱ्या तज्ज्ञाला तेच विचारावेत. रक्तदाब तर दोन निरनिराळ्या यंत्रांवर घरच्यांनाही पाहता येतो. खाजगी दवाखान्यावर विश्वास नसेल तर त्याचे उत्तर सरकारी रुग्णालय आहे; घर हे त्या अविश्वासाचे उत्तर होऊ शकत नाही.

महाभारताच्या कर्णपर्वात एक प्रसंग आहे. गांडीव दुसऱ्याला दे असे जो म्हणेल त्याला मारीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा होती. आणि जखमी, संतापलेल्या युधिष्ठिराच्या तोंडून नेमके तेच शब्द निघाले. अर्जुनाने तलवार उपसली. कृष्णाने त्याला आवरले, आणि वडीलधाऱ्याचा अवमान हाच त्याचा वध होय, तेवढे करून प्रतिज्ञेतून मोकळा हो, असे सांगितले. प्रतिज्ञेतील जपण्याजोगे काय आणि टाकण्याजोगे काय, हे तेथे वेगळे केलेले आहे. घरी बाळंत होण्याच्या निश्चयात जपण्याजोगे काय होते? चार भिंती खासच नव्हेत. आपले माणूस जवळ असावे, देहाला मोकळेपणी हलता यावे, कोणी अपमान करू नये, मूल जन्मताच छातीशी यावे, एवढेच होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली या सर्व गोष्टींची शिफारस रुग्णालयांसाठीच केली आहे. तेव्हा त्या लेखी मागाव्यात, आधी जाऊन ठरवून घ्याव्यात, आणि मिळत नसतील तर कुटुंबाने तिच्या वतीने भांडावे. देवस्थानांच्या समित्या, महिला मंडळे यांनी गावच्या दवाखान्यात प्रसूतीच्या वेळी सोबतीला एक बाई असण्याची व्यवस्था लावून घेतली, तर घराचा आग्रह धरावा लागणाऱ्या निम्म्या स्त्रिया आपणहून दवाखान्यात येतील, असे मला वाटते.

एवढे होऊनही एखादी स्त्री सर्व ऐकून, समजून घरीच राहते म्हणाली तर? तिला सोडून जाणे हा कोणाचाच धर्म नव्हे. डॉक्टरने दार लावू नये, सुईणीने आपल्या शक्तीची मर्यादा स्पष्ट सांगावी, गाडी दारात उभी असावी, रक्तगट लिहून ठेवावा, आणि “मी आता येते” असे ती कोणत्याही क्षणी म्हणाली तर “सांगितले होते ना!” हे शब्द कोणाच्याही ओठांवर येऊ नयेत. त्या एका वाक्याच्या धाकाने कित्येक जणी उशिरा निघतात.

आणि जिने निश्चय बदलला, तिलाही कोणी हरलेली समजू नये. मुख्य म्हणजे तिने स्वतःला तसे समजू नये. देश पाहिला, काल पाहिला, शक्ती पाहिली, आणि नवा संकल्प सोडला. त्यात मोडले काहीच नाही. बारशाच्या दिवशी पाळण्याजवळ बसलेल्या बायकांपैकी कोणीही, हे मूल कोणत्या खोलीत जन्मले, असे विचारीत नाही. त्या बाळ पाहतात, आणि मग बाळंतिणीचा चेहरा पाहतात. दोन्ही समोर असावीत, एवढ्यासाठीच हा सगळा विचार.