ठेव ज्याच्या हाती, पुरावा त्याच्या माथी

इंग्लंडमध्ये शिकायला किंवा नोकरीला गेलेला भाडेकरू घर सोडून मायदेशी परततो आणि डिपॉझिटसाठी ईमेलवर ईमेल पाठवत बसतो. घरमालक एकतर गप्प राहतो, नाहीतर साफसफाई, रंगकाम, गालिच्यावरचे डाग अशी यादी धाडतो. भांडण पैशाचं दिसतं, पण त्याच्या मुळाशी नीतीचा प्रश्न आहे. दुसऱ्याची ठेव आपल्या ताब्यात असताना तिचा धनी दूर गेला, तर आपलं कर्तव्य हलकं होतं का? माझ्या मते ते वाढतं. दारात येऊन मागणाऱ्याला पैसे देण्यात थोडी भीड असते, थोडा धाक असतो. जो येऊच शकत नाही, त्याच्या बाबतीत फक्त सचोटी उरते.

धर्मशास्त्राने हा प्रश्न फार गंभीरपणे घेतला होता. मनूच्या अठरा व्यवहारपदांत, म्हणजे वादाच्या विषयांत, ऋणादानानंतर (कर्जव्यवहारानंतर) लगेच निक्षेप, म्हणजे ठेव, येतो, आणि कौटिल्याने अर्थशास्त्राच्या धर्मस्थीय अधिकरणात ठेवीला स्वतंत्र अध्याय दिला. महाडला १९२७ साली जाळल्या गेलेल्या मनुस्मृतीचा अधिकार मी मानत नाही. तरी ठेव न परतवणारा आणि न ठेवताच मागणारा, दोघेही चोरासारखे दंडनीय, हा तिच्यातला निवाडा मला खरा वाटतो. इंग्लंडचा कायदा वेगळ्या वाटेने तिथेच पोचला. २००४ च्या गृहनिर्माण कायद्यातली डिपॉझिटविषयीची तरतूद एप्रिल २००७ पासून लागू झाली. आता घरमालकाला डिपॉझिट ३० दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत सुरक्षित करावं लागतं. न केल्यास न्यायालय त्या रकमेच्या एक ते तीन पट दंड भाडेकरूला देववतं. योजनेकडे वाद गेला, की पैसा भाडेकरूचाच असं धरून सुरुवात होते आणि कपात का हवी, हे घरमालकाने सिद्ध करायचं असतं.

हा घरमालकावर अन्याय नाही का? भाडेकरू खरोखर नासधूस करून जातात, आणि डिपॉझिट त्यासाठीच असतं. खरं आहे. पण घर, किल्ल्या आणि सामानाची यादी घरमालकाकडे असते. हजार कोसांवरच्या माणसाने न पाहिलेला डाग कसा खोटा ठरवायचा? ज्याला पुरावा देता येतो, त्यानेच तो द्यावा. दुसरा आक्षेप आपल्या संस्कारांतून येतो: एवढ्या पैशांचा मोह कशाला, सोडून द्यावं. त्याग थोरच आहे, पण तो ज्याचा त्याने करायचा. ठेव दाबून बसलेल्याच्या सोयीसाठी दुबळ्याला वैराग्य शिकवलं, तर तो अपरिग्रह नव्हे, लबाडीला दिलेलं अभय आहे. भाडेकरूही या कसोटीतून सुटत नाही. नेहमीच्या वापराने विटलेला रंग त्याच्या माथी मारता येत नाही, पण फोडलेलं बेसिन त्याने आधीच कबूल करावं. मग उरलेल्या रकमेसाठी भांडायला संकोच नको. या योजनांचा निवाडा विनाशुल्क असतो, कागदपत्रांवर होतो आणि त्यासाठी विमानाचं तिकीट काढावं लागत नाही.