गावाचे देणे

गावासाठी काही करणे म्हणजे आपला संसार भागल्यावर जी शिल्लक उरेल तिच्यातून गावाला थोडे देणे, हा समज आज इतका रूढ झाला आहे की त्याला फार जुना इतिहास नाही ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. गोमंतकाच्या उत्तरेकडील पेडणे आणि डिचोली या दोन महालांत जो कोणी तेरेखोल, शापोरा किंवा मांडवीच्या काठाने हिंडला असेल, त्याने नदी आणि शेत यांच्यामधून जाणारा मातीचा व जांभ्या दगडाचा बांध पाहिलेलाच असेल. देण्याची एक सर्वस्वी निराळी कल्पना त्या बांधाच्या आधाराने कित्येक शतके नांदली. भरतीचे खारे पाणी अडवावे, ओहोटीला शेतातले पाणी मानशीच्या दारातून नदीत सोडावे, पहिल्या पावसाने जमिनीतले मीठ धुऊन जाऊ द्यावे आणि मग खारवट जमिनीतही तग धरणारे कोरगूट भात पेरावे, हा खाजन शेतीचा क्रम. यातली एकही गोष्ट एकट्या कुटुंबाच्या आवाक्यातली नव्हती. खेकड्याने एके ठिकाणी बीळ पाडले आणि उधाणाच्या रात्री तेथून पाणी शिरले, तर ते कोणाच्या हद्दीत किती जावे याचा विचार करीत नाही; साऱ्या खाजनात पसरते आणि पुढच्या पिकावरही आपला खार ठेवून जाते. म्हणून बांधावर फेरी घालणे, चिखल आणि पेंढा घेऊन भगदाड बुजवणे, याला कोणी परोपकार म्हटले नसते. ज्याचा खाजनात वाटा, त्याच्या वाट्याचाच तो एक भाग होता.

या व्यवहाराला गावकरीच्या संस्थेने कायद्याचे रूप दिले होते. तिसवाडीतील गावकऱ्यांच्या वहिवाटी अफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने १५२६ साली लेखी नोंदवून घेतल्या. पेडणे आणि डिचोली हे महाल अठराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात, म्हणजे ‘नव्या काबिजादी’ झाल्या तेव्हा, पोर्तुगीज अंमलाखाली आले आणि तोवर येथील गावांनी आदिलशाही, मराठे, सावंत-भोसले आणि मोकासदार यांचे निरनिराळे अंमल सोसले होते. परंतु जमीन गावाच्या सामाईक मालकीची ठेवणारी गावकरीची रीत जेथे जेथे टिकली, तेथे जमाखर्चाचा एक क्रम स्थिर दिसतो. शेते पावणीत बोलीने दिली जात. जमलेल्या उत्पन्नातून प्रथम सरकारचा महसूल, मग बांधबंदिस्ती, देवस्थान आणि गावच्या सेवेकऱ्यांचा खर्च, आणि हे सर्व भागल्यावर जे उरेल ते ‘जण’ म्हणून गावकऱ्यांत वाटले जाई. खर्च गावाचा आधी, वाटणी घराची नंतर. माझ्या मते या साऱ्या संस्थेतली सर्वांत मौल्यवान गोष्ट हा क्रमच होय. आपण आज जे ‘समाजाचे ऋण’ म्हणून फेडू पाहतो ते त्या काळी ऋण होण्याइतके साचूच दिले जात नसे, कारण ते घरात येण्यापूर्वीच वजा झालेले असे.

तथापि या क्रमाचे गुणगान करताना त्यात कोण नव्हते हेही सांगणे प्राप्त आहे. जण मिळे तो गावकरी घराण्यांतील पुरुषांना. बांधावर टोपलीने माती वाहणाऱ्या, कुळाच्या किंवा मजुराच्या नात्याने राबणाऱ्या, जातीने खालच्या ठरवल्या गेलेल्या माणसांना त्या बांधाने वाचवलेल्या भातात हक्काचा वाटा नव्हता. त्यांच्या श्रमाला वेठ म्हणत आणि वेठ ही देणगीही नव्हे, कर्तव्यही नव्हे. स्त्रिया रोपे लावत, कापणी करत, परंतु गावकरीच्या बैठकीत त्यांना आवाज नव्हता. जुन्या ग्रामव्यवस्थेच्या आठवणीने जे गहिवरतात त्यांनी एवढे विसरू नये.

राजेलोकांच्या देण्याची जात याहून वेगळी. डिचोली महालातल्या नार्वे येथे श्रीसप्तकोटेश्वराच्या देवालयाचा शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये जीर्णोद्धार केला आणि त्याचा शिलालेख तेथे आजही वाचता येतो. असे दान थोर असते, कारण ते एका पिढीच्या भंगलेल्या धीराला पुन्हा उभे करते. पण त्या देवळात रोज दिवा लागावा, उत्सवाला वाट झाडली जावी, भजनी सप्ताहात वाड्यावाड्यांनी प्रहर वाटून घेऊन रात्री दोन वाजताही टाळ थांबू नये, यासाठी जे लागते ते शिलालेखात मावत नाही. त्यासाठी पाळी लागते. पाळी म्हणजे आपल्या सवडीची वाट न पाहता नेमलेल्या वेळेला हजर होणे. आणि बांधाच्या खालोखाल या पाळीनेच आमच्या गावांना देण्याचे शिक्षण दिले असे मला वाटते.

विसाव्या शतकाच्या आरंभी मात्र या विचाराने एक मोठे वळण घेतले. पोर्तुगीज राजवटीत मराठी शिक्षण हे शेणैमामांच्या, म्हणजे गावशिक्षकांच्या, ओसरीवरील शाळांच्या बळावर कसेबसे तग धरून होते. पुण्या-मुंबईकडे स्वदेशीच्या चळवळीत पैसा फंडाची कल्पना मूळ धरत होती आणि तिच्या बळावर तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. त्याच सुमारास, १९०८ साली, पणजीत मुष्टिफंड संस्थेचा जन्म झाला. घरोघरी रोजच्या शिजवायच्या तांदळातून एक मूठ बाजूला काढायची आणि त्या मुठींवर मराठी शाळा चालवायची, अशी ही योजना. दोन वर्षांनी पोर्तुगालात प्रजासत्ताक आले, हिंदूंवरील निर्बंध सैल झाले आणि संस्था उभारण्याला सर्वत्र जोर आला. परंतु मुठीची कल्पना त्या मोकळिकीच्या आधीची, हे तिचे वैशिष्ट्य.

मुष्टिफंडाविषयी लिहिताना बहुधा त्याच्या चिमुकलेपणाचे कौतुक केले जाते. मला त्यात दोन गोष्टी अधिक महत्त्वाच्या दिसतात. पहिली ही की, मूठ भांड्यात तांदूळ पडण्यापूर्वी काढली जाते. म्हणजे गावकरीचा तो जुना क्रम, आधी गावाचे मग घराचे, येथे स्वयंपाकघरात पुन्हा प्रस्थापित झाला. दुसरी ही की, मूठ देणाराला कोणी तुझा जण किती, तू कोणत्या वांगडाचा, म्हणजे कोणत्या गावकरी घराण्याचा, असे विचारीत नाही. आणि ज्या स्त्रीला गावकरीच्या बैठकीत स्थान नव्हते तिच्याच हाताने हे माप पडत होते. जन्मसिद्ध हक्काला चिकटलेले देणे येथे प्रथमच हक्कापासून सुटून केवळ शेजारधर्मावर उभे राहिले.

पुढे पोटापाण्यासाठी माणसे मुंबईला गेली आणि देण्यात अंतर शिरले. १९१९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या गोवा हिंदु असोसिएशनने विद्यार्थ्यांना हात दिला, पुढे मराठी रंगभूमीचीही मोठी सेवा केली. ख्रिस्ती गोमंतकीयांच्या गावोगावच्या कुडींनी, म्हणजे मुंबईतल्या सामाईक वसतिगृहांनी, आगबोटींवर जाणाऱ्या आपल्या माणसांना निवारा दिला. यांचे मोल निर्विवाद आहे. गावात मात्र मनिऑर्डर येऊ लागली आणि पाळीला माणूस कमी पडू लागला.

गोमंतकाच्या मुक्तीनंतरचा पालट याहून खोल होता. १९६३ साली मुख्यमंत्री झालेले दयानंद बांदोडकर हे पेडण्यात जन्मलेले, खाणमालक आणि सढळ हाताचे दाते म्हणून आधीच लोकांना ठाऊक असलेले गृहस्थ. त्यांच्या कारकिर्दीत खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या आणि मुठीने जे मोजून मापून चालले होते ते सरकारी तिजोरीतून होऊ लागले. हे योग्यच झाले. मुलाला अक्षर मिळावे की नाही हे शेजाऱ्याच्या उदारतेवर अवलंबून असू नये. १९६४ च्या कूळ कायद्याने आणि १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्याला जमिनीचा हक्क मिळाला, तोही शतकांचा अन्याय दूर करणारा होता. पण कायद्याने जमीन ज्या सहजतेने हस्तांतरित होते त्या सहजतेने बांधाची काळजी हस्तांतरित होत नाही. ती कुळांच्या संघांकडे आणि सरकारी खात्यांकडे गेली. मानशीतल्या मासळीची पावणी हे उत्पन्नाचे साधन बनले, आणि ज्याने मासळीसाठी बोली लावली त्याला खारे पाणी आत हवे, तर ज्याला भात पिकवायचे त्याला ते बाहेर हवे, असा विरोध कित्येक खाजनांत उभा राहिला. बांध फुटला तर आता अर्ज लिहिला जातो. अर्ज लिहिणे चुकीचे नाही. परंतु अर्जाचा निकाल लागेपर्यंत भरती थांबत नाही.

डिचोलीच्या खाणपट्ट्यात देण्याचे आणखी एक रूप आले. खाणीच्या नफ्यातून देवळाला सभामंडप, शाळेला इमारत, गावाला टँकरने पाणी मिळू लागले. ज्या विहिरीचे पाणी खाणीच्या खोदाईने खाली गेले तिच्याच मालकाने टँकरवाल्याचे आभार मानावेत, असा प्रसंग ओढवला. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के समाजकार्यावर खर्च करण्याचे बंधन घातले, तेही नफा मोजून झाल्यानंतरचे. नुकसानीची भरपाई आणि दान यांची सरमिसळ मला अत्यंत घातक वाटते, कारण तिच्यामुळे घेणाऱ्याची मान विनाकारण खाली जाते. त्या तुलनेत सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये गोव्याच्या खनिजविक्रीच्या रकमेतून १० टक्के पुढील पिढ्यांसाठी कायम निधीत ठेवण्याचा जो हुकूम दिला, त्यात गावकरीचा क्रम मला पुन्हा दिसतो: नफ्याचा हिशेब होण्यापूर्वीच बाजूला काढलेली ती मूठ आहे.

मग आज सामान्य माणसाने काय करावे, असा प्रश्न विचारणारे तरुण मला भेटतात, आणि त्यांच्या मनात बहुधा एखादी मोठी संस्था किंवा मोठी देणगी असते. मी त्यांना जे आधीच चालले आहे त्याकडे बोट दाखवतो. घरी गाडी आहे म्हणून अपरात्री शेजारच्या आजारी माणसाला बांबोळीच्या इस्पितळात पोचवणारा, चतुर्थीपूर्वी झरीचा गाळ काढायला फावडे घेऊन येणारा, जत्रेच्या नाटकाच्या तालमीला नोकरीहून परस्पर येणारा, वाचनालयाचे दार ठरल्या वेळी उघडणारा: यांतला कोणीही सवडीतून देत नाही, पाळीने देतो. ग्रामसभा हीदेखील अशीच एक पाळी आहे. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमधल्या रविवारी होणाऱ्या त्या सभेत आठदहा माणसांनी बसून बांधाचा, मानशीच्या पावणीचा आणि झरीचा हिशेब दरवेळी नेटाने मागितला, तर कोणत्याही देणगीपेक्षा गावाचे अधिक हित होईल अशी माझी श्रद्धा आहे.

एक प्रश्न मात्र नव्याने उभा आहे. मोपा विमानतळ २०२३ च्या आरंभी सुरू झाल्यापासून पेडणे महालात बाहेरून येणाऱ्यांची संख्या वाढते आहे: कोणी बंगला बांधून, कोणी भाड्याच्या खोलीत चार मजुरांसह. हे लोक त्याच विहिरीचे पाणी पितात, त्याच वाटेने चालतात आणि गावाच्या कोणत्याही पाळीत त्यांचे नाव नसते. गावकरीच्या जुन्या न्यायाने त्यांना हक्क नाही आणि म्हणून कर्तव्यही नाही. मुष्टिफंडाच्या न्यायाने जो या गावात चूल पेटवतो त्याची मूठ गावाला चालते. मी दुसऱ्या न्यायाच्या बाजूचा आहे. बांधावरून माती वाहणाऱ्यांना एकदा आपण वाट्याबाहेर ठेवले आणि त्याची किंमत फार पिढ्या मोजली. पुढच्या वर्षी झरी साफ करण्याच्या दिवशी भाड्याच्या खोलीतल्या त्या चौघांनाही निरोप जावा, आणि बंगलेवाल्यालाही.