डॉक्टरांनी फक्त सुया टोचाव्यात का?

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाला कुणी कीटकनाशक म्हणत नाही. ‘औषध’ म्हणतात. ‘औषध मारायला गेला’ म्हणजे फवारणीला गेला. आणि ‘औषध घेतलं’ असं रात्री कुणी दवाखान्याच्या दारात हळू आवाजात सांगितलं, तर पुढचं काही विचारावं लागत नाही. मी या भागात डॉक्टर म्हणून काम करतो. एकाच शब्दाचे हे सगळे अर्थ माझ्या रोजच्या कामात येतात.

मागे एका कार्यक्रमात मी अतिविषारी औषधांच्या विक्रीबद्दल दोन शब्द बोललो. खाली उतरल्यावर एक कृषी केंद्रवाले हसत म्हणाले, “डॉक्टरसाहेब, तुमी सुया टोचा. शेतीचं आमाले समजते.” बोलण्यात राग नव्हता, पण प्रश्न खरा होता. डॉक्टरने कुठवर बोलावं?

हाच प्रश्न अमेरिकेत बंदुकीवरून गाजला. ऑक्टोबर २०१८ मध्ये तिथल्या डॉक्टरांच्या एका मोठ्या संघटनेने बंदुकांवर नियंत्रण हवं, अशी भूमिका मांडली. त्यावर बंदूकधारकांच्या ‘नॅशनल रायफल असोसिएशन’ने ट्विट करून डॉक्टरांना आपल्या लेनमध्ये राहायला सांगितलं. उत्तरादाखल शेकडो डॉक्टरांनी लिहिलं, हीच आमची लेन आहे. काहींनी रक्ताने माखलेल्या कपड्यांचे फोटो टाकले. गोळी लागलेला माणूस शेवटी त्यांच्याच टेबलावर येतो.

आमच्याकडे बंदूक नाही, डबा आहे.

२०१७ चा पावसाळा आठवा. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्यापर्यंत वाढली होती, त्यात अळीचा जोर. दोन-तीन औषधं एकत्र करून, बॅटरीवरच्या पंपाने, दाट पऱ्हाटीत फवारणी चालली होती. फवारा थेट तोंडावर यायचा. जुलै ते ऑक्टोबर या काळात जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात आले. शासनाने विशेष तपास पथक नेमलं, मृतांच्या कुटुंबांना २ लाखांची मदत जाहीर केली. आणि एक वाक्य सगळीकडे फिरलं : शेतकऱ्यांनी मास्क घातला नाही, हातमोजे घातले नाहीत.

हे वाक्य खोटं नाही, पण अर्धं आहे. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधं कातडीतूनही शरीरात जातात. नसांचे संदेश थांबवणारं एन्झाइम ती बंद पाडतात. मग लाळ गळते, बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, छातीत पाणी भरतं, श्वास थांबतो. अॅट्रोपिन वेळेत मिळालं तर माणूस वाचू शकतो. काही औषधांवर तर उताराच नाही. आता भर उन्हात, दमट शेतात, रोजंदारीवरच्या मजुराने प्लॅस्टिकचा पूर्ण पोशाख घालून दिवसभर पंप चालवावा, ही अपेक्षा कितपत खरी? संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची आणि जागतिक आरोग्य संघटनेची आचारसंहिता सांगते, की ज्यांच्यासाठी त्रासदायक, महाग किंवा सहज न मिळणारी संरक्षक साधनं लागतात, अशी कीटकनाशकं उष्ण प्रदेशातल्या लहान शेतकऱ्यांच्या बाबतीत टाळावीत. म्हणजे मास्कच्या आधी डब्याबद्दल बोलायला हवं.

आता समोरच्यांची बाजू. डॉक्टरला अळी ओळखता येत नाही. उद्या औषध बंद झालं आणि पीक गेलं, तर कर्ज डॉक्टर फेडणार का? पांढऱ्या कोटाला गावात मान असतो, तो मान भलत्या विषयात वापरणं ही फसवणूकच. शिवाय कृषी केंद्रवालाही माझाच पेशंट असतो. मी एका बाजूला गेलो, तर तो माझ्याकडे येईल का?

या आक्षेपांत दम आहे, म्हणून मी माझ्यासाठी एक रेघ आखली आहे. कोणतं पीक घ्यावं, अळीला काय मारावं, हे मी सांगणार नाही. कोणत्या औषधाने माणसं येतात, किती तासांत मरतात, कशावर उतारा नाही, हे मात्र सांगणार. साक्षीदाराने निकाल देऊ नये हे मान्य. पण साक्षीदाराने गप्प बसावं, हे कुठल्या न्यायात बसतं?

केरळात कासरगोडजवळच्या पड्रे गावात डॉ. मोहनकुमार यांनी हेच केलं. काजूच्या बागांवर हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारलं जात होतं. गावात मेंदूचे, मज्जासंस्थेचे आजार इतके का, हे त्यांनी लिहून विचारलं. कारण नेमकं किती सिद्ध झालं, यावर वाद झाले. पण प्रश्न विचारला गेला म्हणूनच तपासण्या झाल्या. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एंडोसल्फानवर देशभर बंदी घातली.

श्रीलंकेत १९९५ पासून सर्वांत घातक औषधं टप्प्याटप्प्याने बंद झाली. त्यामागे विषबाधेच्या वॉर्डांतली आकडेवारी होती. पुढच्या दहा वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. शेतीचं उत्पादन त्यामुळे घटल्याचं अभ्यासात दिसलं नाही. रागाच्या एका क्षणी हाताशी काय सापडतं, यावर जीव जातो की राहतो हे ठरतं. हे डॉक्टरने नाही सांगायचं तर कुणी?

सरकारी नोकरीतल्या डॉक्टरची अडचण वेगळी. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ शासनाच्या धोरणावर जाहीर टीका करू देत नाहीत. दुसरीकडे भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ चे नीतिनियम म्हणतात, की डॉक्टरने नागरिक म्हणून लोकांना सार्वजनिक आरोग्याबद्दल सल्ला द्यावा. या दोन कागदांच्या मधोमध आमचे कितीतरी लोक उभे आहेत. त्यांना भित्रे म्हणणं मला पटत नाही. नोकरी त्यांचीही आहे, घर त्यांचंही आहे.

पण एक गोष्ट आपण विसरतो. डॉक्टर आधीच बोलत असतो. केसपेपरवर ‘अज्ञात विष’ लिहायचं, की नातेवाइकांकडून डबा मागवून त्यावरचं नाव लिहायचं? फवारताना झालेली बाधा, की स्वतःहून घेतलेलं औषध? त्या दोन शब्दांवर कुटुंबाची मदत ठरते, जिल्ह्याचा आकडा ठरतो आणि शेवटी कोणता डबा दुकानात राहणार, तेही ठरतं. शंभर केसपेपरांवर ‘अज्ञात’ लिहिलं, तर तीही वादातली एक बाजूच झाली.

म्हणून ज्यांना व्यासपीठावर बोलता येत नाही त्यांनी निदान नोंद पूर्ण करावी. ज्यांना बोलता येतं त्यांनी त्या नोंदी लोकांपुढे मांडाव्यात. आणि तुमच्या घरी शेती असेल, तर आज एक काम करा : घरातलं औषध कुठे ठेवलंय ते पाहा, डब्यावरचा त्रिकोण लाल आहे का तेही पाहा. लाल म्हणजे सर्वांत जहाल. तो डबा कुलपात ठेवा. फवारणीनंतर कुणाला मळमळ, घाम, धूसर दिसणं सुरू झालं, तर डबा सोबत घेऊनच दवाखान्यात या. आम्हाला नाव कळलं, तर आम्ही ते लिहू.