सही कशावर झाली?

२१ फेब्रुवारी २०२५ रोजी दुबईच्या बायबिट या क्रिप्टो एक्स्चेंजमध्ये नेहमीचंच एक काम चाललं होतं. इंटरनेटपासून दूर जपलेल्या कोल्ड वॉलेटमधून रोजच्या उलाढालीच्या वॉलेटमध्ये इथर या क्रिप्टो चलनाची काही रक्कम हलवायची होती. असं वॉलेट एकट्याच्या सहीवर उघडत नाही. ठरलेल्या माणसांपैकी ठरलेल्या संख्येनं साइन केल्यावरच व्यवहार पुढे सरकतो. सह्या करणाऱ्यांनी आपापल्या संगणकावर ‘सेफ’ या वॉलेटचं पान उघडलं. वेबसाइटचा पत्ता बरोबर होता, पैसे जाणार ते खातं बरोबर होतं, रक्कम बरोबर होती. मग प्रत्येकानं हातातल्या छोट्या हार्डवेअर वॉलेटचं बटण दाबलं. थोड्याच वेळात त्या कोल्ड वॉलेटमधलं सुमारे ४ लाख इथर निघून गेलं. त्या दिवशीच्या भावानं ही रक्कम दीड अब्ज डॉलरच्या आसपास, म्हणजे साडेबारा हजार कोटी रुपयांच्या घरात जाते. कुणाची किल्ली चोरीला गेली नव्हती. कुणाचा पासवर्ड फुटला नव्हता. सह्या अस्सल होत्या.

मग सही कशावर झाली? तपासात जे बाहेर आलं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. ‘सेफ’ बनवणाऱ्यांपैकी एका डेव्हलपरचा संगणक हल्लेखोरांनी आधीच ताब्यात घेतला होता. तिथून ते वॉलेटचं पान जिथून जगभर पोचवलं जातं त्या साठवणीपर्यंत गेले आणि त्या पानात थोडा कोड घुसवला. हा कोड फक्त बायबिटच्या वॉलेटसाठी जागा होणार होता, बाकी सगळ्यांना पान पूर्वीसारखंच दिसत राहिलं. पडद्यावर साधं हस्तांतर दाखवायचं आणि हार्डवेअर वॉलेटकडे सहीसाठी दुसराच मजकूर धाडायचा, एवढंच त्याचं काम. त्या दुसऱ्या मजकुरात ‘ऑपरेशन’ नावाच्या रकान्यात शून्याच्या जागी एक होता. शून्य म्हणजे दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टला, म्हणजे ब्लॉकचेनवरच्या दुसऱ्या प्रोग्रॅमला, साधी हाक. एक म्हणजे त्या दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टचा कोड आपल्याच वॉलेटच्या साठवणीवर चालवण्याची मुभा. त्या कोडनं वॉलेटच्या अगदी पहिल्या खणात असलेला पत्ता बदलला. वॉलेट कोणाच्या नियमांनी चालतं हे तोच पत्ता ठरवतो. तिथून पुढे ते वॉलेट हल्लेखोरांच्या नियमांनी चालू लागलं. काम उरकल्यावर दोनच मिनिटांत घुसवलेला कोड पानावरून काढून टाकलेला होता. अमेरिकेच्या एफबीआयनं पाच दिवसांत या चोरीमागे उत्तर कोरिया असल्याचं जाहीर केलं.

आणि हार्डवेअर वॉलेट? सगळ्यात भरवशाचं म्हणून घेतलेलं ते उपकरण खोटं बोललं नाही. त्यानं खराच मजकूर दाखवला, पण हॅशच्या रूपात. हॅश म्हणजे आकडे आणि इंग्रजी अक्षरं मिळून ६४ चिन्हांची ओळ. ती वाचून पैसे कुठे चाललेत हे कुठल्याही माणसाला सांगता येणार नाही. या धंद्यात याला ‘ब्लाइंड सायनिंग’ म्हणतात, आणि ते इतकं अंगवळणी पडलंय की त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटतही नाही.

हे दुबईचं म्हणून सोडून देता येत नाही. त्याच्या सात महिने आधी, १८ जुलै २०२४ला, मुंबईच्या वझीरएक्स या एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलर, म्हणजे जवळपास दोन हजार कोटी रुपये याच वाटेनं गेले. तिथंही अनेक सह्यांचं वॉलेट होतं, हार्डवेअर उपकरणं होती, आणि वॉलेट सांभाळायला लिमिनल ही वेगळी कंपनी होती. वझीरएक्सचं म्हणणं असं की लिमिनलच्या पडद्यावर एक दिसत होतं आणि सही दुसऱ्यावर झाली. लिमिनलनं सांगितलं की आमच्या यंत्रणेला धक्का लागलेला नाही. जानेवारी २०२५मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियाच्या संयुक्त निवेदनात या चोरीसाठीही बोट उत्तर कोरियाकडेच दाखवलं गेलं. ज्यांचे पैसे त्यात होते ते परतफेडीच्या योजनेसाठी सिंगापूरच्या न्यायालयातल्या तारखा मोजत राहिले, आणि एक्स्चेंज पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला.

क्रिप्टोच्या सुरक्षेची सगळी शिकवण किल्लीभोवती फिरते. किल्लीचे बारा किंवा चोवीस शब्द कागदावर लिहा, कुणाला दाखवू नका, कपाटात ठेवा, किल्ली ऑफलाइन ठेवा, एकाच्या जागी तीन किल्ल्या करा. यातलं काहीच चुकीचं नाही. पण चोरांना दर वेळी किल्ली लागतेच असं नाही. किल्लीच्या मालकाकडूनच दार उघडून घेणं त्यांना पुष्कळदा सोपं जातं. तीन माणसं जर एकाच पानावर पाहून सही करणार असतील, तर ते पान बदलणाऱ्याला तिघांना तीनदा फसवावं लागत नाही. अनेक सह्यांनी एका बेइमान माणसापासून संरक्षण मिळतं. एका बेइमान पडद्यापुढे त्या सह्या किती जणांच्या आहेत यानं काही फरक पडत नाही.

साध्या वापरकर्त्याचं दुखणं आकारानं लहान, जातीनं तेच. एखाद्या वेबसाइटवर ‘वॉलेट कनेक्ट करा’ म्हटलं जातं, मग एक खिडकी उघडते आणि ‘अप्रूव्ह’ विचारते. अप्रूव्ह म्हणजे पैसे देणं नव्हे. माझ्या खात्यातले अमुक टोकन अमक्या कॉन्ट्रॅक्टला हवे तेव्हा काढता येतील, असं ते मुखत्यारपत्र असतं. किती काढता येतील या रकान्यात पुष्कळदा ७८ आकडी संख्या असते. ती त्या रकान्यात मावणारी मोठ्यात मोठी संख्या, म्हणजे व्यवहारात अमर्याद. ‘परमिट’ नावाची सही तर त्याहून वाईट. ती ब्लॉकचेनवर लगेच जात नाही, तिला शुल्क लागत नाही, खात्यातून काही वजा झालेलं दिसत नाही. माणसाला वाटतं आपण लॉगिन केलं. कागद मात्र समोरच्याच्या हातात गेलेला असतो आणि तो सवडीनं वटवला जातो. पत्त्यांचंही तसंच. इथर ज्या ब्लॉकचेनवर चालतं त्या इथेरियमवरचा पत्ता ४० चिन्हांचा, आणि वॉलेट दाखवतं सुरुवातीची चार-सहा आणि शेवटची चार. तेवढी चिन्हं जुळणारा पत्ता बनवून चोर तुमच्या व्यवहारांच्या यादीत पेरून ठेवतो. मे २०२४मध्ये एकानं यादीतून असाच पत्ता उचलला आणि सुमारे ६ कोटी ८० लाख डॉलरचं टोकन तिकडे पाठवलं. ते बरंचसं परत मिळालं, पण असं सहसा घडत नाही.

न वाचता येणाऱ्या कागदावरची सही हा प्रश्न महाराष्ट्रानं एकदा सोसलेला आहे. १२ मे १८७५ला भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले, आणि त्यांनी प्रामुख्यानं मागितले आणि जाळले ते कर्जरोखे. हिंसाचार होता, पण रोख होता कागदांवर. अंगठा शेतकऱ्याचा, मजकूर सावकाराचा आणि न्यायालय मजकूर बघणारं, अशी ती व्यवस्था होती. दंग्यांची चौकशी झाली आणि १८७९मध्ये दख्खन शेतकरी मदत कायदा आला. त्यातली एक तरतूद मला फार महत्त्वाची वाटते. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांत शेतकऱ्याचा कर्जरोखा गावच्या रजिस्ट्रारच्या देखरेखीखाली लिहिला गेला आणि त्याच्यासमोर अंगठा झाला, तरच तो ग्राह्य धरायचा. कायद्यानं शेतकऱ्याला ‘सावध राहा’ असा उपदेश केला नाही, आणि तो साक्षर होईपर्यंत थांबलाही नाही. रोखा लिहून घेणाऱ्याच्या हातून मजकूर काढून तो तिसऱ्याच्या नजरेखाली आणला.

क्रिप्टोत तो तिसरा अजून घडायचाय. सुरुवात झाली आहे हे मान्य केलं पाहिजे. सही करण्याआधी व्यवहार ब्लॉकचेनच्या नकलेवर चालवून बघायचा आणि ‘तुमच्या खात्यातून हे जाईल, हे येईल’ असं साध्या भाषेत सांगायचं, याला सिम्युलेशन म्हणतात. काही वॉलेटांत ते आता आपोआप होतं. संशयास्पद पत्ता असेल तर लाल इशारा येतो. यामुळे पुष्कळ लोक वाचले असतील यात मला शंका नाही. पण चोरानंही हे तपासणं बघितलेलं आहे. आपण नकलेवर चालतोय की खऱ्या साखळीवर हे ओळखणारी कॉन्ट्रॅक्टं लिहिता येतात. नकलेवर ती सभ्यपणे वागतात आणि खऱ्यावर खातं रिकामं करतात. २०२३मध्येच सुरक्षा संशोधकांनी हे दाखवून दिलं होतं.

याहून अस्वस्थ करणारं उदाहरण रेडियंट कॅपिटल या क्रिप्टो प्रकल्पाचं. ऑक्टोबर २०२४मध्ये त्यांचे सुमारे ५ कोटी डॉलर गेले. हे लोक निष्काळजी नव्हते. व्यवहार पडद्यावर वाचला, सिम्युलेशन करून पाहिलं, हार्डवेअर वॉलेटनं साइन केलं. पण टेलिग्रामवर ओळखीच्या माणसाच्या नावानं आलेल्या एका फाइलमधून डेव्हलपरांचे संगणकच आधी बिघडवलेले होते. पडद्यावर आणि सिम्युलेशनमध्ये निरुपद्रवी व्यवहार दिसायचा, उपकरणाकडे भलताच जायचा. साइन केलं की एरर यायचा. एरर तर एरवीही येतात, म्हणून ते पुन्हा साइन करायचे. चोरांना हव्या तेवढ्या सह्या अशा गोळा झाल्या. म्हणजे तपासणी झाली, पण ज्या संगणकावर संशय घ्यायचा त्याच संगणकावर झाली. अशा तपासणीनं फक्त मनाचं समाधान होतं.

तपासणीचा अर्थ मी असा धरतो: सही ज्यावर होणार तो कच्चा मजकूर वेगळ्या उपकरणावर, वेगळ्या प्रोग्रॅमनं, शक्यतो वेगळ्या माणसानं उलगडायचा, त्यातून निघालेला हॅश हार्डवेअर वॉलेटच्या पडद्यावरच्या हॅशशी अक्षर न् अक्षर ताडून पाहायचा, आणि जुळलं नाही तर थांबायचं. बायबिटमध्ये कुणी एवढं केलं असतं तर एक तर हॅश जुळला नसता, नाही तर मजकूर उलगडताना ‘ऑपरेशन’च्या रकान्यातला तो ‘एक’ डोळ्यांत खुपला असता. त्याला अर्धा तास लागला असता. एवढ्या रकमेपुढे अर्धा तास काय आहे?

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो प्रामाणिकपणे घेतला जातो. क्रिप्टोचा पायाच हा की मध्यस्थ नको, तुमचा पैसा तुमच्या हातात, मग जबाबदारीही तुमचीच. तपासणारा तिसरा आणला की पुन्हा बँकच आली. मला हा आक्षेप अर्धाच पटतो. पैसा अडवण्याची ताकद तिसऱ्याच्या हाती देऊ नये, हे ठीक. पण अर्थ सांगण्याची ताकद ही अडवण्याची ताकद नव्हे. शिवाय तपासणारे दोन-तीन असावेत, त्यांचा कोड उघडा असावा, आणि त्यांच्यात मतभेद झाला तर तो सही करणाऱ्याला दिसावा. जबाबदारी तुमची म्हणायची आणि वाचायला ६४ चिन्हांची ओळ द्यायची, हा न्याय नाही. ज्याला काय द्यावं लागतंय हे कळलेलं नाही, त्यानं संमती दिली असं म्हणता येत नाही, मग गणिती दृष्टीनं त्याची सही कितीही निर्दोष असो.

लोकांना सावध करत राहण्यापेक्षा धोकादायक वाटच बंद करणं किती परिणामकारक असतं, ते यूपीआयमध्ये दिसतं. ‘पैसे मिळवण्यासाठी पिन टाका’ म्हणून फसवणारे एका व्यक्तीनं दुसरीकडे पैसे मागायला पाठवायच्या कलेक्ट रिक्वेस्टचा आधार घेत. वर्षानुवर्षं सावधगिरीच्या जाहिराती झाल्या. शेवटी यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं १ ऑक्टोबर २०२५पासून व्यक्ती-व्यक्तींमधली ती सोयच काढून टाकली. वॉलेट बनवणाऱ्यांना हेच करता येण्यासारखं आहे. अमर्याद अप्रूव्हल मुळात दाखवूच नये. वॉलेटचे नियम बदलणारी सही नेहमीच्या हस्तांतरासारखी दिसू नये, तिला वेगळा रंग, वेगळा पडदा आणि चोवीस तासांची वाट असावी. सहीचा मजकूर माणसाला वाचता येईल अशा रचनेत मांडण्याचं मानक इथेरियममध्ये २०१७ सालीच सुचवलं गेलं आणि पुढे रूढही झालं. तरी आठ वर्षांनी कोट्यवधी डॉलरच्या सह्या आंधळेपणानं होत असतील, तर उणीव तंत्राची नाही, आग्रहाची आहे.

आणि एक्स्चेंजकडून आणखी एक गोष्ट मागितली पाहिजे. सही झालेला मजकूर ब्लॉकचेनवर कायमचा राहतो. तो आजही कुणालाही उघडून बघता येतो. सही करणाऱ्याला त्या क्षणी पडद्यावर काय दिसलं, याची नोंद मात्र साखळीवर राहत नाही. वझीरएक्स आणि लिमिनल यांच्यातला वाद नेमका तिथेच अडला. लोकांच्या ठेवी हलवणाऱ्या प्रत्येक एक्स्चेंजनं प्रत्येक सहीबरोबर तीन गोष्टी जपाव्यात: पडद्यावर काय दाखवलं, स्वतंत्र तपासणीत मजकूर काय निघाला, आणि सही कुणी किती वाजता केली. ही नोंद एक्स्चेंजच्या किंवा वॉलेट पुरवणाऱ्याच्या संगणकावर न ठेवता लेखापरीक्षकाकडे त्याच दिवशी जमा व्हावी, आणि पैसे गेले तर ती ठेवीदारांना मागता यावी.