पेटी नवी कोरी करू नकोस

चि. मुक्तास,


जुन्या बाजारातून आणलेल्या सुताराच्या पेटीचे फोटो पाहिले. घासून नवी कोरी करणार आणि शिवणाचं सामान ठेवणार, असं तू लिहिलंस. शिवणाचं सामान जरूर ठेव. पेटी कामाची होती, कामातच राहू दे. पण नवी कोरी करू नकोस, एवढं कळकळीने सांगायला हे पत्र.

पेटी सागाची दिसते. कोपरे डव्हटेलचे, खिळ्याशिवाय एकमेकांत घट्ट बसवलेले. पूर्वी बरेच सुतार आपली पेटी स्वतःच करत आणि तिच्यात जीव ओतत. झाकणाच्या आत लाकडाच्या दोन फिरक्या आहेत, त्या करवत अडकवायला. शेजारच्या अरुंद खणाच्या काठावर बारीक खाचा दिसतात ना? पटाशी काढता-ठेवताना धार टेकून टेकून तशा पडतात. झाकणाच्या आतला तांबूस डाग बहुधा कुंकवाचा असावा. खंडेनवमीला रंधा, वाकस, करवत, पटाशी सगळ्यांची पूजा होते, पेटीलाही बोट लागतं. नांगर, कुळव, पाभर करून देणाऱ्या आणि सुगीला खळ्यावर बलुतं घेणाऱ्या माणसाच्या कामाची नोंद सहसा कुठे सापडत नाही. इथे ती लाकडावरच आहे, आणि पॉलिश पेपरचे चार हात फिरले की ती कायमची जाईल.

बाहेरच्या हिरव्या ऑइलपेंटला कोरडा पॉलिश पेपर तर अजिबात लावू नकोस. जुन्या रंगांत शिसं असायचं. घरगुती रंगातलं शिसं दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम आपल्याकडे लागू झाला तो नोव्हेंबर २०१७ पासून. ही पेटी त्याच्या कितीतरी आधीची. घासताना उडणारी ती धूळ लहान मुलांच्या पोटात गेली तर मेंदूला अपाय होतो, आणि तुझ्या घरात रांगतं बाळ आहे. रंग घट्ट असेल तिथे राहू दे. पोपडे सुटलेत तेवढाच भाग घराबाहेर, चांगला मास्क लावून, पाणी मारत वॉटर पेपरने घास. निघालेला गाळ ओला असतानाच कागदाने टिपून पिशवीत बांधून टाक.

बाकी साफसफाई सोपी. साबणाच्या पाण्यात पिळलेलं फडकं फिरव आणि पेटी सावलीत वाळव, उन्हात फळ्या तडकतील. बिजागऱ्या रॉकेलमध्ये भिजत ठेव, गंज सुटेल. जुने स्क्रू टाकू नकोस, त्यांची भोकं त्यांनाच नीट बसतात. तळाला बारीक भोकं दिसतात, तेव्हा पेटी थोडे दिवस काळ्या कागदावर ठेव. ताजं पीठ पडलं तर भुंगा अजून जिवंत आहे. आधी त्याचा बंदोबस्त, मग पुढचं.

मागचा कोपरा हलतो म्हणतेस. तो सरसाने चिकटवलेला असणार. सरस कोमट पाण्याने आणि उबेने सुटतो. सांधा साफ करून पुन्हा सरसच लाव. फेविकॉल आपल्याकडे १९५९ साली आलं. मजबुतीला उत्तमच, पण उद्या कुणाला तो सांधा उघडायचा झाला तर लाकूड फाटेल. आपण केलेली दुरुस्ती पुढच्याला सोडवता आली पाहिजे, हे माझं ठाम मत आहे. म्हणून पॉलिशही चपड्याचंच कर. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून कापडी बोळ्याने पातळ हात द्यायचे. नको झालं तर स्पिरिटनेच निघतं.

कुणी जवसाचं तेल सुचवेल. बाहेरून चालेल, आतून नको. बंद पेटीत त्याचा वास कोंडतो आणि कापडाला डाग पडतात. शिवाय तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात फेकायचं नाही. ते आतल्या आत तापून आपोआप पेट घेतं. दोरीवर पसरून वाळव किंवा पाण्यात बुडवून ठेव.

आत अस्तर हवं तर मांजरपाट नुसतं अंथर, चिकटवू नकोस. रिळांसाठी वेगळा ट्रे करून आत ठेव, पेटीला खिळा मारू नकोस. कात्र्या मात्र त्या पटाशीच्या खणातच ठेव, अगदी बेतशीर बसतील.

कोपरा उघडण्याआधी त्याचा जवळून एक फोटो पाठव. मी पाहून कळवेन, तोवर हात लावू नकोस.

तुझा,
मामा